मेमरी शिल्लक, तरी मेमरी कमी



या व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरी, अर्थसंकल्प आणि हृदयविकार यांच्या पंक्तीत घरच्या कॉम्प्युटरलाही एक संध्याकाळ मिळाली, याबद्दल संयोजकांचे आभार.

लाइट बिल भरताना किंवा नातवाचा ऑनलाइन क्लास चालू असताना पडद्यावर एक चौकट उगवते. कॉम्प्युटरची मेमरी कमी पडते आहे, फायली सेव्ह करा आणि हे प्रोग्रॅम बंद करा, असं ती सांगते. मग घरात पहिली कुऱ्हाड पडते ती फोटोंवर. ही सवय मोबाइलनं लावली. 'मेमरी फुल्ल' झाली की गुड मॉर्निंगची फुलं पुसायची, हे आपल्याला पाठ झालं आहे. पण ती साठवणुकीची जागा. ही तक्रार वेगळी आहे. चालू कामासाठी लागणाऱ्या जागेची आहे. डी ड्राइव्हवरचा मुंजीचा व्हिडिओ पुसून ती मिटणार नाही.

खरी गंमत पुढेच आहे. अनेकदा टास्क मॅनेजर उघडून पाहिलं, तर आठ जीबी रॅमपैकी दीड-दोन जीबी मोकळी दिसते! मग विंडोज खोटं बोलतं का? नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं प्रत्येक प्रोग्रॅम करतो. मला एवढी मेमरी लागेल असं सांगून ठेवतो. प्रत्यक्ष बसायला येईल तेव्हा येईल. या धरलेल्या जागेला विंडोजच्या भाषेत कमिट म्हणतात. विंडोज शब्दाचं पक्कं आहे. एकदा हो म्हटलं की जागा द्यायचीच, म्हणून देता येईल त्यापलीकडे ते कुणाला हो म्हणतच नाही. बाकं रिकामी दिसली तरी रुमाल सगळ्यांवर पडले की नव्या प्रवाशाला नकार.

एकूण बाकं किती? रॅम, अधिक डिस्कवरची पेजफाइल. रॅमला डिस्कची जोड देण्याची ही युक्ती जुनी आहे. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या चमूनं फेरांटी कंपनीबरोबर बांधलेलं अॅटलस यंत्र १९६२ साली सुरू झालं. त्याची महागडी मुख्य मेमरी १६,३८४ शब्दांची, आणि शेजारी फिरणारा चुंबकी ड्रम तिच्या सहापट. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मात्र दोन्ही मिळून एकच सलग मेमरी दिसे. ती ५१२-५१२ शब्दांच्या पानांत विभागलेली असे. सध्या न लागणारं पान यंत्र स्वतःच ड्रमवर नेऊन ठेवी. आपल्या घरातला कॉम्प्युटर आजही हेच करतो, फक्त ड्रमच्या जागी डिस्क आली.

आता यूट्यूबवरचे सल्लागार सांगतात, पेजफाइल बंद करा, मशीन पळायला लागेल. कृपा करून ऐकू नका. ती बंद केली की सगळे रुमाल एकट्या रॅमवर पडतात आणि ती चौकट आणखी लवकर उगवते. पेजफाइलचा आकार विंडोजवरच सोडावा. तसा सोडला तर ती साधारण रॅमच्या तिपटीपर्यंत वाढू शकते, पण ती ज्या ड्राइव्हवर असते, म्हणजे सहसा सी, त्याच्या एक अष्टमांशापलीकडे जात नाही. असेंबल करणाऱ्यानं सी ड्राइव्ह शंभर जीबीचाच केला असेल, तर आठ जीबी रॅमलाही २४ नव्हे, साडेबारा जीबीच मिळणार. त्यात सी काठोकाठ भरलेला असला तर तेवढीही नाही. तेव्हा पुसायचंच असेल, तर सीवरचं पुसा.

दोषी कोण, हे शोधणं अवघड नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर गेलात की 'कमिटेड'खाली दोन आकडे दिसतील : किती धरलं आणि मर्यादा किती. मग डीटेल्समध्ये जाऊन रकान्यांच्या मथळ्यावर राइट क्लिक करा आणि 'कमिट साइज' हा रकाना जोडा. नेहमी दिसणारा मेमरीचा रकाना बसलेले मोजतो, हा रुमाल मोजतो. ब्राउझरची नावं पाच-पन्नास ओळींत विखुरलेली असतात, त्यांची बेरीज करा. एखाद्या प्रोग्रॅमचा आकडा काम नसतानाही दिवसभर चढतच राहिला, तर गळती तिथेच आहे. कुणीच दोषी दिसत नसेल, तर मेमरीच्या त्याच पानावर 'नॉन-पेज्ड पूल' पाहा. तो कित्येक जीबींवर गेला असेल, तर संशय एखाद्या ड्रायव्हरवर घ्यावा.

इथे एक खोच आहे. शट डाउन करून पुन्हा चालू केलं तरी ड्रायव्हरची गळती राहू शकते. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल, तर बंद करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपला जातो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्यानं सुरू होतं. बंद करणं आणि रीस्टार्ट करणं यांत रीस्टार्ट अधिक कसून सफाई करतं, हे विचित्र आहे, पण आहे.

'रॅम क्लीनर' नावाच्या प्रोग्रॅमांबद्दल माझं मत कडक आहे. सॉफ्टरॅम ९५ नावाचं उत्पादन १९९५ मध्ये रॅम दुप्पट करण्याच्या जाहिरातीवर अमेरिकेत लाखोंनी खपलं. ते तसं काहीच करत नव्हतं, आणि प्रकरण तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनपर्यंत गेलं. आजचे क्लीनर मुख्यतः पानं रॅममधून बाहेर ढकलतात. रॅमचा आकडा खाली येतो, पण धरलेली जागा तशीच राहते. मग लागतील तेव्हा तीच पानं डिस्कवरून परत आणण्यात वेळ जातो.

रॅम विकत घ्यायची ती केव्हा? नेहमीच्या कामात धरलेला आकडा रोज रॅमच्या बराच वर असेल आणि मशीन रखडत असेल, तेव्हा. पण विंडोज ३२-बिट असेल, तर चार जीबीपलीकडची रॅम ते वापरणार नाही. डीडीआर-४ ची पट्टी डीडीआर-५ च्या खाचेत बसत नाही, आणि काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते, ती वाढवताच येत नाही. पैसे मोजण्याआधी एवढं तपासा.

शेवटी एक विनंती. दुकानात गेलात की पहिलं वाक्य ऐकू येईल, 'फॉरमॅट मारून देतो'. त्याला मान डोलावण्याआधी कमिटचे ते दोन आकडे आणि सी ड्राइव्हवर उरलेली जागा कागदावर लिहून न्या, आणि तो कागद आधी पुढे करा.