वेगमर्यादा, दंड आणि वाहनधारकांचा रोष

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या परिसंवादातील भाषण)



मोटार रस्त्यावर आली आणि तिच्या पाठोपाठ दंडाची पावतीही आली. इंग्लंडमधील केंट परगण्यात 1896 च्या जानेवारी महिन्यात वॉल्टर अर्नोल्ड नावाच्या गृहस्थांनी आपली मोटार ताशी सुमारे 13 किलोमीटर वेगाने हाकली. वस्तीतून जाताना त्या काळी ताशी जेमतेम सव्वातीन किलोमीटरची मर्यादा होती. एका शिपायाने सायकलवरून पाठलाग करून त्यांना गाठले आणि वेगाच्या गुन्ह्याबद्दल त्यांना एक शिलिंग दंड झाला. त्याच वर्षी तेथील संसदेने मर्यादा वाढवून ताशी सुमारे 22 किलोमीटर केली आणि 1903 मध्ये ती 32 वर नेली. तरीही तक्रार मिटली नाही. पोलीस झुडपाआड दडून घड्याळ लावून बसतात, हा सापळा आहे, अशी मोटारवाल्यांची भावना होती. 1905 मध्ये त्यांनी ‘ऑटोमोबाइल असोसिएशन’ ही संस्था काढली आणि सापळ्याची आगाऊ वर्दी देण्यासाठी सायकलस्वार नेमले. अशी वर्दी देणे म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा आणणे होय, असा निर्णय 1910 मध्ये न्यायालयाने दिला, तेव्हा संस्थेने त्यावरही तोड काढली. सायकलस्वाराने सभासदाला एरवी सलाम करावा. सलाम झाला नाही, तर पुढे पोलीस आहेत असे सभासदाने समजावे! सलाम न करणे हा गुन्हा कसा ठरणार? आपल्याकडे समोरून येणारा चालक दिव्यांची उघडझाप करून जी खूण देतो, तिची वंशावळ अशी जुनी आहे.

तेव्हा वाहनधारकांचा रोष हा आजचा नव्हे, आणि तो केवळ आपल्या राज्यातला नव्हे. तथापि, रोष जुना आहे म्हणून तो निराधार आहे, असे शासनाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी म्हणू नये. त्यात तथ्य किती आणि गैरसमज किती हे वेगळे करून पाहणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाला धार आली ती यंत्रामुळे. पूर्वी हवालदार शिटी वाजवीत असे, वाहन बाजूला घेतले जात असे, आणि जे काही बोलणे व्हायचे ते समोरासमोर होत असे. आज छायाचित्र निघते, क्रमांक वाचला जातो आणि चलन थेट भ्रमणध्वनीवर येते. यशवंतराव चव्हाण मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 मध्ये पूर्णपणे खुला झाला. कळंबोलीपासून किवळ्यापर्यंतच्या या सुमारे 94 किलोमीटरच्या मार्गावर 2024 च्या जुलैपासून ही यांत्रिक व्यवस्था कार्यान्वित झाली, तेव्हा मोटारीला सपाटीवर ताशी 100 आणि घाटात ताशी 60 किलोमीटर अशी मर्यादा होती. अवजड वाहनांना घाटात ताशी 40 ची मर्यादा होती. या व्यवस्थेत एका जागी वेग मोजला जातो, तसाच दोन कमानींमधील सरासरी वेगही काढता येतो. समजा, दोन कमानींमध्ये 10 किलोमीटर अंतर आहे. ताशी 100 च्या मर्यादेत ते ओलांडण्यास 6 मिनिटे लागावयास हवीत. वाहन 5 मिनिटांत पोहोचले, तर त्याचा सरासरी वेग ताशी 120 होता, हे सांगण्यास साक्षीदार लागत नाही. कॅमेरा दिसताच ब्रेक दाबावयाचा आणि पुढे जाताच पुन्हा वेग घ्यावयाचा, ही युक्ती येथे चालत नाही. संतापाचे एक कारण हेही आहे.

दंडाचा आकडाही वाढला. 1988 च्या मोटार वाहन अधिनियमात 2019 साली दुरुस्ती झाली. अतिवेगाच्या पहिल्या गुन्ह्याला पूर्वी कमाल 400 रुपये दंड होता. दुरुस्तीनंतर हलक्या वाहनास 1,000 ते 2,000 रुपये आणि मध्यम व अवजड वाहनांस 2,000 ते 4,000 रुपये, अशी शिक्षा ठरली. राज्याने वाढीव दंड लगेच लागू केला नव्हता. तो 2021 च्या डिसेंबरपासून अमलात आला. 2025 च्या जुलैच्या आरंभी माल व प्रवासी वाहतूकदारांनी ई-चलनाच्या निषेधार्थ संप पुकारला, तेव्हा ही धुसफूस उघडपणे रस्त्यावर आली.

आता तक्रारींकडे वळू. ‘रस्ता उत्तम आहे, गाडी उत्तम आहे, मग मर्यादा कशाला?’ ही पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार. तिचे उत्तर उपदेशाने नव्हे, गणिताने द्यावे लागते, आणि येथे शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो, असे धरू. कोरडा रस्ता, चांगले टायर आणि जोरदार ब्रेक, म्हणजे दर सेकंदाला वेग सेकंदास 7 मीटरने कमी होतो, असेही धरू. ताशी 60 किलोमीटर वेगाची मोटार सुमारे 36 मीटरवर थांबते. ताशी 80 ची थांबण्यास सुमारे 57 मीटर घेते आणि ताशी 100 ची सुमारे 83 मीटर. याहून बोलके गणित पुढे आहे. दोन मोटारी जोडीने जात आहेत, एक 60 ने आणि दुसरी 80 ने. दोघींच्या चालकांना एकाच क्षणी रस्त्यात मूल दिसले. पहिली मोटार ज्या जागी पूर्ण थांबते, नेमक्या त्या जागी दुसरीचा वेग अद्याप ताशी 60 किलोमीटरच्या वर असतो. मुलाच्या एक हात अलीकडे पहिली मोटार उभी राहिली, असे मानले, तर दुसरीचे काय झाले हे वर्गातील कोणताही विद्यार्थी सांगेल. आठवी-नववीच्या वर्गात फळ्यावर मांडण्याजोगे हे उदाहरण आहे. घरी जाऊन मुले ते वडिलांना विचारतील, आणि तो परिणाम फलकाने होणाऱ्या परिणामाहून अधिक असेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, सरासरी वेगात एक टक्का वाढ झाली, की प्राणघातक अपघाताची जोखीम सुमारे चार टक्क्यांनी वाढते. आणि वाचतो तो वेळ किती? द्रुतगती मार्गावरील सपाटीचे 75 किलोमीटर ताशी 100 ने 45 मिनिटांत होतात. 120 ने साडेसदतीस मिनिटे लागतात. साडेसात मिनिटांची ही बचत पुढे शहराच्या पहिल्या दोन सिग्नलांवर आणि एका फाटकावर खर्ची पडते.

देशात 2022 मध्ये रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्यू पावली, त्यांपैकी 15,224 महाराष्ट्रात. केंद्रीय मंत्रालयाच्या अहवालात यांतील सुमारे 71 टक्के मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदलेले आहे. येथे मात्र वाहनधारकांची एक शंका रास्त मानली पाहिजे. पंचनाम्यात ‘अतिवेग’ हे कारण लिहिणे सर्वांत सोपे असते. वळणाचा उतार चुकीचा होता, दुभाजकात बेकायदा फट होती, बंद पडलेला ट्रक दिव्याविना उभा होता, हे लिहावयाचे तर अभियंत्याला बोलवावे लागते. म्हणून या टक्केवारीचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. द्रुतगती मार्गावर 2016 मध्ये 151 मृत्यू झाले होते. 2019 मध्ये ही संख्या 92 वर आली. त्या काळात शासनाच्या यंत्रणा आणि एक स्वयंसेवी संस्था यांनी तेथे संयुक्तपणे जे काम केले, त्यात वेगावरील कारवाई होती, तसेच कठडे बसविणे, उघडे कठीण कोपरे झाकणे आणि जखमींना लवकर उपचार मिळवून देणे हेही होते. नुसत्या दंडाने हे घडले नाही, आणि दंडावाचूनही घडले नसते.

दुसरी तक्रार मर्यादांच्या लहरीपणाची. 80 च्या फलकापाठोपाठ अकस्मात 40 येतो, फलक बाभळीच्या फांदीआड जातो, काम संपून सहा महिने झाले तरी ‘काम चालू’ची मर्यादा उभीच राहते. ही तक्रार बहुतांशी खरी आहे आणि कायदा येथे वाहनधारकाच्या बाजूने बोलतो. अधिनियमाच्या कलम 112 प्रमाणे एखाद्या रस्त्यासाठी निराळी मर्यादा ठरवावयाची तर राजपत्रात अधिसूचना हवी आणि योग्य जागी फलक हवा. कलम 183 प्रमाणे केवळ एका साक्षीदाराच्या अंदाजावर अतिवेगाची शिक्षा देता येत नाही. त्यास यंत्राच्या मोजणीचा आधार लागतो. 2021 मध्ये केंद्राने केलेल्या नियमाने अशा यंत्राला दरवर्षी नूतनीकरण होणारे प्रमाणपत्र आवश्यक ठरविले, कॅमेऱ्याच्या आधी सूचना फलक लावणे बंधनकारक केले आणि गुन्ह्याची सूचना 15 दिवसांत देण्याचे बंधन घातले. ‘हे सारे तिजोरी भरण्यासाठी’ या आरोपाचे खरे उत्तर त्या सूचना फलकात आहे. पैसा हवा असणारा कॅमेरा लपवील. वेग कमी व्हावा असे वाटणारा त्याची पाटी लावील. जेथे पाटी नाही, तेथे आरोपाला जागा राहते, हे संबंधित अधिकाऱ्यांनी ध्यानी घेतलेले बरे.

घाटातील कमी मर्यादेबद्दल ट्रकचालक चिडतात, पण बोरघाटाच्या उतारावर तिला कारण आहे. भरलेला ट्रक वेगात उतरू लागला, की ब्रेक वारंवार दाबावे लागतात, ते तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. डिझेल वाचविण्यासाठी गिअर काढून उतरणे ही तर आत्मघाताची रीत होय. तथापि, चालक घाई का करतो, हेही विचारले पाहिजे. अमुक वाजता माल पोहोचलाच पाहिजे, असा मालकाचा हुकूम असतो आणि चलनाची रक्कम मात्र चालकाच्या पगारातून कापली जाते. कलम 183 यावर स्पष्ट आहे. नोकराकडून मर्यादा मोडून घेणारा मालकही शिक्षेस पात्र आहे आणि मर्यादा मोडल्यावाचून पुरे होऊ शकणार नाही असे वेळापत्रक दिले असेल, तर ते वेळापत्रकच त्याच्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा ठरते. या तरतुदीचा वापर अधिक व्हावयास हवा.

‘आमच्या वेगाला दंड, मग खड्ड्याला दंड कोण करणार?’ हा प्रश्न सभांतून हमखास टाळ्या घेतो. 2019 च्या दुरुस्तीतील कलम 198अ हे त्याचे उत्तर आहे. रस्त्याची रचना वा देखभाल मानकांप्रमाणे न झाल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेस वा कंत्राटदारास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माणसाच्या जिवापुढे ही रक्कम अल्प आहे, हे उघड आहे. त्याचप्रमाणे 2,000 रुपये हे टॅक्सीचालकाचे कित्येक दिवसांचे उत्पन्न, तर कोणाच्या खिजगणतीतही नाहीत, ही विषमताही खरी. फिनलंडमध्ये गंभीर अतिवेगाचा दंड उत्पन्नाच्या प्रमाणात आकारतात. आपल्याकडे तो विचार अद्याप दूर आहे.

रोष किती टोकाला जाऊ शकतो, हे फ्रान्सने पाहिले. 1 जुलै 2018 पासून तेथील मध्यदुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यांवर मर्यादा ताशी 90 वरून 80 वर आणली गेली. ग्रामीण भागात असंतोष पसरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘पिवळ्या जाकिटांचे’ आंदोलन पेटले आणि देशातील सुमारे 60 टक्के वेगमापक कॅमेऱ्यांची नासधूस झाली, असे तेथील गृहमंत्र्यांनी 2019 च्या जानेवारीत सांगितले. अखेर मर्यादा पुन्हा 90 करण्याची मुभा जिल्हा प्रशासनांना मिळाली. वास्तविक, शासकीय मूल्यमापनात त्या निर्णयाने साडेतीनशेच्या आसपास जीव वाचल्याचे आणि प्रवासाचा वेळ किलोमीटरमागे सुमारे एक सेकंदाने वाढल्याचे आढळले. निर्णय योग्य होता. तो राजधानीतून आला आणि गावाला विचारून आला नाही.

आपल्या गावांची गोष्ट याच्या नेमकी उलटी आहे. येथे मर्यादा घालावी म्हणून गावच मागणी करते. शाळेसमोर एखादे मूल दगावते, दुसऱ्या दिवशी रास्ता रोको होतो आणि तिसऱ्या दिवशी रस्त्यावर मुरमाचा वा डांबराचा उंचवटा उभा राहतो. त्यावर ना पांढरे पट्टे, ना आधी फलक. रात्री त्यावरून दुचाकीवरची बाई उडून पडते. भारतीय रस्ते महासभेच्या मार्गदर्शिकेप्रमाणे गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, गोलाकार असावयास हवा, म्हणजे ताशी 25 किलोमीटरने वाहन सुखरूप जाते. त्याऐवजी हातभर रुंद आणि वीतभर उंच बांध घातला जातो, तेव्हा शिक्षा वेगवानाला होत नाही, अनभिज्ञाला होते.

पंचायत सदस्यांसाठी मार्ग सरळ आहे. ग्रामसभेचा ठराव करून तो रस्ता ज्यांच्या ताब्यात असेल त्यांच्याकडे, म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद वा राष्ट्रीय महामार्गाची यंत्रणा यांपैकी जे असतील त्यांच्याकडे पाठवावा आणि त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्यावी. ठरावात ‘वाहने फार वेगाने जातात’ एवढेच न लिहिता शाळा भरण्याची व सुटण्याची वेळ, रस्ता ओलांडणाऱ्या मुलांची संख्या, मागील तीन वर्षांतील अपघातांच्या तारखा आणि वळणामुळे किती मीटरपर्यंतचे दिसते, हे नमूद करावे. हे अंतर मोजण्याचे काम शिक्षकांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना घेऊन, रहदारी विरळ असताना आणि रस्त्याच्या कडेने चालून करावे. वर सांगितलेल्या 36 आणि 57 मीटरांशी ते ताडून पाहिले, म्हणजे तेथे कोणती मर्यादा मागावयाची हे ठरविणे सोपे जाईल.