ताईच्या भातुकलीतला बंब

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



'बालपणीचे खेळ आणि न्याहारी' या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा मंडळाच्या चिटणिसांनी केली, तेव्हा आम्ही प्रथम कचरलो. आम्ही जुन्या अकरावीपर्यंत शिकलेले, पेठ तालुक्यातील प्राथमिक शाळांतून उमेदीची वर्षे घालवून निवृत्त झालेले साधे शिक्षक. विषयाचे शास्त्रोक्त विवेचन आमच्याने व्हावयाचे नाही. परंतु या विषयात ज्याला त्याला आपापले काही सांगावयाचे असतेच. शिवाय एक जुने देणे आमच्या शिरावर आहे. ते आज आपल्या सर्वांसमक्ष निदान कबूल तरी करावे, असे मनात आणून आम्ही होकार दिला.

आपणांपैकी जे साठीच्या आसपास आहेत, त्यांस तांबट लेनमधली सकाळ सांगावयास नको. घड्याळ घरात असो वा नसो, समोरच्या ओट्यावर पहिली हातोडी पडली की उठावयाचे, हा मुलांचा नेम. एक हातोडी सुरू झाली की दुसरी, तिसरी, आणि मग सगळी गल्ली एका तालावर बोलू लागे. पाहुणे म्हणून आलेल्या मंडळींचे डोके दुखे. आम्हां मुलांस मात्र आवाज थांबला तरच जाग येई. अमावास्येला, काम बंद असे त्या दिवशी, आम्ही हटकून लवकर उठत असू.

मुखमार्जन काळ्या दंतमंजनाने किंवा राखुंडीने. त्यानंतर न्याहारी. आजच्या मुलास वाडग्यात पांढऱ्या दुधावर तरंगणाऱ्या मक्याच्या पापड्या मिळतात. आम्हांस रात्रीची बाजरीची भाकरी दुधात कुस्करून, वर गुळाचा खडा घालून मिळे. दूध कमी असले तर ताकात, आणि ताकही नसले तर तेल-तिखटाबरोबर. उन्हाळ्यात सातूचे पीठ. सातू म्हणजे वस्तुतः जव; परंतु आमच्या घरी त्या पिठात जव नावालाही नसे, भाजलेले गहू आणि डाळे दळून सुंठ-वेलदोडा घातलेला असे. नाव मात्र सातूचेच. नागपंचमीस ज्वारीच्या लाह्या. आजीस पेठ-हरसूलकडून येणारी नागली फार प्रिय. तिची आंबील ती करी आणि आम्ही नाके मुरडीत ती पीत असू. उपवासाच्या दिवशी भगर. ही वरई आपल्याच जिल्ह्याच्या डोंगरकुशीत पिकते, हे आम्हांस पुढे नोकरीच्या निमित्ताने त्या डोंगरांत गेल्यावर कळले.

मक्याच्या पापडीचा इतिहासही मौजेचा आहे. अमेरिकेतील मिशिगन प्रांतात बॅटल क्रीक येथील आरोग्यधामात १८९४ साली केलॉग बंधूंच्या हातून शिजविलेला गहू तसाच राहून गेला, आणि तो लाटला तेव्हा दाण्यादाण्याची पापडी निघाली. मका पुढे आला. १९०६ साली त्याची कंपनी झाली. आपल्या देशात ती १९९४ साली आली. आता भात भिजवून, भाजून, कांडून त्याची पापडी करण्याची युक्ती आपल्या घरोघर किती पिढ्यांपासून आहे! पोहे म्हणजे दुसरे काय? पण पोह्यांस कोणी पुठ्ठ्याच्या रंगीत खोक्यात घातले नाही, म्हणून ते मागे राहिले. आमच्या नातवास आम्ही ही हकीकत सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि खोके पुढे ओढले. अलीकडे तर खोक्यावर नागलीचे चित्र येऊ लागले आहे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून नागलीस मोठा मान आला. आजी असती तर तिने आमच्याकडे कसे पाहिले असते, याची आम्हांस कल्पना आहे.

मात्र सारेच गोड होते असे कोणी समजू नये. १९७२ च्या दुष्काळात रेशनच्या दुकानातून मिळणारी परदेशी तांबडी ज्वारी, मिलो, आम्ही खाल्ली आहे. तिची भाकरी थापताना आईच्या डोळ्यांत पाणी येई, कारण ती थापलीच जात नसे. त्या वर्षीच्या न्याहारीबद्दल आम्ही अधिक बोलत नाही.

आता खेळांकडे वळू. विटीदांडू, भोवरा, गोट्या, लगोरी, सूरपारंबी, आट्यापाट्या. नावे घेतली तरी आपणांपैकी कित्येकांचे गुडघे शिवशिवतील. भोवरा लाकडाचा, त्यास लोखंडी आर, आणि जाळी गुंडाळण्यात सगळी विद्या. संक्रांतीस पतंग, परंतु त्या बाबतीत येवलेकरांपुढे आम्ही नाशिककरांनी मान खाली घालावी हे बरे. तिथली आसारी हातात धरावयाची म्हणजे मनगट पाहिजे. खो-खोची पहिली नियमावली १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने केली, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा दिल्लीस होऊन भारताच्या पुरुषांनी आणि स्त्रियांनी, दोघांनीही, चषक जिंकले. ती बातमी वाचून आम्ही घरात एकट्यानेच टाळ्या वाजविल्या.

विटीदांडूविषयी मात्र एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आम्ही मोजताना वकट, लेंड, मूंड, नाल असे म्हणत असू. तेव्हा तो अर्थहीन मंत्र वाटे. पुढे शिक्षक झाल्यावर एका सहकाऱ्याने सांगितले की तेलुगू भाषेत एक, दोन, तीन, चार म्हणजे ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. आपली गंगामाई त्र्यंबकेश्वरी उगम पावून थेट तेलुगू मुलखात समुद्रास मिळते. पाणी इथून तिकडे गेले आणि मोजणी तिकडून इकडे आली असेल काय, याचा निर्णय पंडितांनी करावा. आम्हांस नुसत्या कल्पनेनेच आनंद होतो.

विकतची खेळणी वर्षातून एकदाच, नवरात्रात, कालिकादेवीच्या यात्रेत मिळत. कागदी भिरभिरे, पत्र्याचा टिकटिक करणारा बेडूक, कचकड्याची बाहुली. भिरभिरे घरी पोहोचेपर्यंत टिकले तर नशीब. एरवी खेळणी म्हणजे घरात जे उरले ते. सुताराच्या मुलास लाकडाचा ठोकळा, शिंप्याच्या मुलास चिंध्या, आणि आपल्या ज्ञातीच्या मुलांस तांब्या-पितळेच्या पत्र्याचे तुकडे.

या तुकड्यांतूनच आपल्या घरांतल्या भातुकल्या झाल्या. सावंतवाडीची लाकडी, रंगीत भातुकली पुष्कळांनी पाहिली असेल. ती सुंदर असते, पण तिच्यात पाणी तापत नाही. आपल्याकडच्या भातुकलीत तापे. आमच्या ताईची भातुकली आजोबांनी केली होती. हंडा, कळशी, घंगाळ, परात, तसराळे, पातेली, चंबू, पळी, झारा, खलबत्ता. आणि या सर्वांत राजा म्हणावा असा तांब्याचा बंब. उंची वीतभर. मधून धुराची नळी, खाली निखाऱ्याची जाळी, राख पडावयाची तबकडी, पुढे पितळेची तोटी, आणि ती फिरविली तर खरोखर फिरे. कोळशाचे दोन खडे घातले की वाटी-दीडवाटी पाणी कढत होई. आतून कल्हई, बाहेरून मठारलेला. हातोडीचे ठसे मोठ्या बंबावर असतात तितकेच सारखे, फक्त तांदळाच्या दाण्याएवढे. बुडाशी ताईच्या नावाचे पहिले अक्षर, 'सु', ठिपक्याठिपक्यांनी घातलेले. १९६८ च्या सिंहस्थात यात्रेकरूंसाठी गंगाजळाचे गडू करण्याची आजोबांना इतकी घाई होती की जेवणासही उसंत नसे. त्या गडूंच्या पत्र्यातून जे कातरण उरले, त्याचा हा बंब. दिवसभराचे काम संपल्यावर दिव्याच्या उजेडात ते तो घडवीत. मोठे भांडे ठोकण्यास दंडात बळ लागते, लहानास डोळे लागतात, असे ते म्हणत. आणि त्यांचे डोळे तेव्हाच अधू होत चालले होते. नळीला डाक देताना त्यांनी दोनदा बोट भाजून घेतले, हे आम्ही समोर बसून पाहिले आहे.

आम्ही त्या वेळी नऊ-दहा वर्षांचे. ताई आम्हांहून चार वर्षांनी वडील. तिच्या भातुकलीत आमची भूमिका एकच, जेवणाऱ्याची. चुरमुरे, डाळे, शेंगदाणे आणि गूळ एवढ्या सामग्रीतून ती पंचपक्वान्ने वाढी, आणि जेवणापूर्वी बंबातील कढत पाण्याने हात धुतलेच पाहिजेत असा तिचा दंडक असे.

त्याच सुमारास बिनाका टूथपेस्टच्या खोक्यातून एक एक लहान प्लॅस्टिकचा प्राणी मिळू लागला. आपणांपैकी समवयस्कांच्या चेहऱ्यांवर आम्हांस आत्ताच ओळख दिसते आहे! बोटाच्या दोन पेरांएवढे ते प्राणी, हत्ती, सिंह, कांगारू. त्यांचे शाळेत केवढे वेड! आमच्या घरी राखुंडी, म्हणजे प्राण्याचा प्रश्नच नव्हता. गंगेकाठच्या एका वाड्यात राहणाऱ्या आमच्या वर्गमित्राकडे असे अठरा-वीस प्राणी होते. त्याने एकदा बंब पाहिला. पुढे काय झाले ते आपण ओळखलेच असेल. एका दुपारी, ताई शिवणाच्या वर्गास गेली असता, आम्ही तो बंब सदऱ्याखाली दडवून नेला, आणि त्याच्या मोबदल्यात एक हत्ती, एक कांगारू आणि एक जिराफ घेऊन आलो. सौदा आपल्याच लाभाचा झाला, अशी तेव्हा आमची खात्री होती. तीन प्राणी, आणि तेही विकतच्या खोक्यातले. दिले काय, तर घरात कातरणातून केलेले एक भांडे!

दिवाळीच्या सुटीत भातुकली मांडली गेली. आजोबा ओट्यावरून डोकावले आणि त्यांनी विचारले, "सुमे, बंब कुठे गं?" ताईने एकदा आमच्याकडे पाहिले. मग म्हणाली, "आजोबा, गंगेवर खेळायला नेला होता. हातातनं सुटला नि पाण्यात गेला." आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी पुन्हा बंब केला नाही. करणे त्यांस शक्यही नव्हते. १९७१ साली ते गेले. ते जाईपर्यंत ताई त्यांच्या लेखी हयगय करणारी मुलगी राहिली आणि आम्ही गुणी नातू.

परत मागावा असे आमच्या मनात येईपर्यंत वर्ष उलटले. आणि १९६९ च्या महापुरात गंगेकाठचे कित्येक वाडे पाण्याखाली गेले, त्यांत तोही. मित्राचे कुटुंब मिळेल ते सामान घेऊन नाशिक सोडून गेले. बंब त्यांच्या सामानात गेला, की ताईने सांगितलेले खोटे पुराने खरे केले, हे आम्हांस आजवर कळलेले नाही.

घरी घरी स्टेनलेसची भांडी आली, गॅस आला, प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या. मोठे बंब मोडीत निघाले तेथे लहानांची काय कथा? आमच्या वडिलांनी हातोडी ठेवली आणि आम्हांस शिक्षकाच्या नोकरीत घातले. याबद्दल आमची तक्रार नाही. त्या नोकरीने आमचा संसार चालविला. डोंगरातल्या शाळांत मुले तारेची गाडी आणि बांबूची बंदूक स्वतः करून आणीत, ती पाहून आम्ही त्यांना कधी रागावलो नाही, मग अभ्यास झालेला असो वा नसो. मुख्याध्यापकांना याचे नवल वाटे.

गेल्या वर्षी ताईस सत्तर वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी आम्ही धीर करून तिला सर्व सांगितले. सत्तावन वर्षांनी सांगतो आहोत, तेव्हा ती रडेल किंवा रागावेल अशी आमची अपेक्षा. ती नातसुनेस चहा ठेवावयास सांगून म्हणाली, "ते मला त्याच दिवशी कळलं होतं. तुझा जिराफ कुठे गेला, कधी विचारलास का?" जिराफ हरवला होता हे खरे, आम्ही तो अर्धे वर्ष शोधला होता. "चुलीत घातला मी. फार घाण वास आला."

यावर आम्ही काय बोलणार! दोघेही बराच वेळ हसलो. मग तिने कपाटातून भातुकलीचा पत्र्याचा डबा काढला. सर्व भांडी चिंचेने लख्ख केलेली, प्रत्येक आपल्या जागी, आणि बंबाची जागा रिकामी. कळशी सरकवून ती तिने कधी भरून काढली नव्हती. आपल्या ज्ञातीतील एका वृद्ध कारागिरास आम्ही तसाच बंब करून द्याल का, म्हणून विचारले. ते म्हणाले, "मोठा सांगा, आज करतो. एवढ्याशा नळीला डाक देणारा हात आता माझा राहिला नाही, आणि मुलांनी तो धरला नाही."

आमच्या सूचनेवरून मंडळाने ठरविले आहे की पुढील संमेलनात सभासदांच्या घरची तांब्या-पितळेची भातुकली मांडावी. कोणाच्या माळ्यावर, ट्रंकेत, देव्हाऱ्याखालच्या फडताळात काही असेल, एखादी पळी का असेना, ती कृपा करून संक्रांतीपूर्वी चिटणिसांकडे पोहोचवावी. नावनिशीसह पावती मिळेल व वस्तू जशीच्या तशी परत केली जाईल. ताईचा डबाही तेथे असेल. आणि आपणांपैकी कोणाच्या आप्तेष्टांकडे, पुण्या-मुंबईस वा आणखी कोठे, वीतभर उंचीचा, पितळी तोटीचा, बुडाशी 'सु' हे अक्षर असलेला तांब्याचा बंब दृष्टीस पडल्यास आम्हांस एक पत्र टाकावे. तो आम्ही परत मागणार नाही. एकदा त्यात पाणी तापवून ताईस हात धुवावयास द्यावे, एवढीच इच्छा आहे.