अळीची साक्ष



मी कामगार चळवळीतला माणूस. माझे शास्त्राचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा विषय कामगाराच्या भाषेतच मांडतो.

बॉयलरवर भाजलेला कामगार पहिल्या तडाख्यातून वाचतो, आणि पुष्कळदा मागाहून जखमेत शिरलेला जंतू त्याचा घात करतो. स्यूडोमोनस एरुजिनोसा हा त्यांतला एक कुप्रसिद्ध जंतू. प्रभावी औषधांनाही दाद न देणारे त्याचे वाण जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली अत्यंत निकडीच्या यादीत घातले.

या जंतूत साडेपाच हजारांहून अधिक जनुके आहेत. बहुतेक त्याच्या घरप्रपंचाची. मग मारक कोणती? कारखान्यात बिघाड शोधताना आपण एकेक यंत्र बंद करून पाहतो. शास्त्रज्ञही एकेक जनुक निकामी केलेले जंतू तयार करतात आणि प्रत्येकाचा जोर तपासतात. पण त्यासाठी हजारो उंदीर कोठून आणायचे?

येथे मेणपतंगाची अळी कामास येते. मधपाळांची ही जुनी वैरीण, पोळ्यातले मेण पोखरणारी. ती स्वस्त असते आणि आपल्या शरीराइतक्या, म्हणजे ३७ अंश उष्णतेतही जगते. तिच्या पायातून मोजके जंतू टोचतात. काही अळ्यांना नुसते मिठाचे पाणी टोचतात, म्हणजे सुईचा दोष जंतूवर जात नाही. रोग बळावला की अळी काळी पडते. एखादे जनुक काढल्यावर अळ्या वाचल्या, तर संशयित सापडला. ते परत घातल्यावर पुन्हा मेल्या, तर आरोप पक्का झाला.

ही साक्ष माणसाच्या बाबतीत किती धरावी? २००० साली जँडर, राहमी आणि ऑसुबेल यांनी या जंतूच्या निकामी वाणांचे अळीतील निकाल उंदरांतील निकालांशी ताडून पाहिले. ते बऱ्याच अंशी जुळले. कारण अळीच्या रक्तातही जंतू गिळणाऱ्या पेशी असतात. पण तिला फुप्फुसे नाहीत, आणि आपल्यासारखी प्रतिपिंडेही नाहीत. म्हणून अळीने संशयित दाखवावा, निवाडा पुढच्या परीक्षेत व्हावा.

जंतूचे हत्यारच बोथट करणारी औषधे शोधण्याचा प्रयत्न चालू आहे. त्याची पहिली पायरी हीच. आणि ती थोड्या पैशात चढता येते, म्हणून साध्या कॉलेजातल्या मुलांनाही तिच्यावर पाय ठेवता येईल. उद्या कोणी अळीवर गुण आलेले औषध विकायला आला, तर विचारा, उंदरावर काय झाले? माणसावर काय झाले? हे विचारायला पदवी लागत नाही.