घरी करावयाचे डायलिसिस : पर्यायांचा तौलनिक विचार
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णास रुग्णालयात आठवड्यातून दोन ते तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास डायलिसिस घ्यावे लागते. उपचार मोफत झाला तरी एस.टी.चे भाडे आणि सोबत येणाऱ्या नातलगाची बुडालेली मजुरी कोणत्याही पावतीवर येत नाही. दूरच्या खेड्यातील कुटुंब या खर्चाने खचते आणि पाळ्या चुकू लागतात. पाळी चुकणे हे जिवावर बेतणारे असते. म्हणून घरी करता येण्याजोगे तीन पर्याय आपणांसमोर ठेवीत आहोत.

पहिला, सी.ए.पी.डी. यात पोटात मऊ नळी बसवितात. तीतून साधारण २ लिटर द्राव आत सोडावयाचा, चार ते सहा तास ठेवावयाचा व काढून नवा भरावयाचा. दिवसातून बहुधा तीन-चार वेळा हे करावे लागते. प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास लागतो. यास यंत्र नको, वीज नको.

दुसरा, ए.पी.डी. हेच काम यंत्र रात्री झोपेत आठ-दहा तासांत करते. नोकरदारांना व शाळकरी मुलांना दिवस मोकळा मिळतो. मात्र यंत्राचा खर्च आणि भरवशाची वीज हवी.

तिसरा, घरगुती हीमोडायलिसिस. नेहमीच्या यंत्रावर चार तासांच्या एका पाळीस सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी लागते. त्यासाठी आर.ओ. संयंत्र, वीज आणि सुई टोचण्यापासून सर्व शिकलेली व्यक्ती घरात हवी. आपल्याकडे हे थोड्याच घरांना साधते.

वाणिज्य शाखेच्या सवयीने आम्ही साठ्याचाही हिशेब मांडला. रोज चार पिशव्या धरल्यास महिन्यास १२० पिशव्या, म्हणजे २४० लिटर द्राव होतो. त्यासाठी स्वच्छ, कोरडी जागा हवी. पोटात जंतुसंसर्ग होण्याचा धोकाही आहे. हात नीट धुणे हा पहिला नियम. बाहेर आलेला द्राव गढूळ दिसला, पोट दुखले वा ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. द्रावात साखर असल्याने मधुमेहींनी अधिक जपावे. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्यांस हा मार्ग मानवेलच असे नाही, निर्णय मूत्रपिंडतज्ज्ञांचाच.

प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ साली सुरू झाला आणि २०१९ मध्ये पोटाच्या डायलिसिससाठीही मार्गदर्शक सूचना निघाल्या. वाट मोकळी झाली; रुग्णास तीवर चालविणे हे आपले काम आहे.

रुग्णालयातील खाट भरलेली राहिली की जमेची बाजू वाढते, हे आम्ही जाणतो. परंतु न्यासाचा ताळेबंद निराळा असतो. रुग्ण आपल्या घरी, आपल्या कामावर परतला, तर ती आमची खरी जमा होय. म्हणून देणगीदारांस विनंती की, नव्या यंत्राबरोबरच गृहभेट देणारी परिचारिका, नातलगांचे प्रशिक्षण आणि पिशव्यांची वाहतूक यांसाठीही आपला हात सैल सोडावा.