मूल–गडचिरोली–चामोर्शी: शंभर किलोमीटरचा लूप, पण पहाटे नाही

मूलवरून एका दिवसाचा सायकल लूप विचारत होता ना? घ्या: मूल, सावली, व्याहाड, गडचिरोली, चामोर्शी, हरणघाट, परत मूल. शंभर किलोमीटरच्या आसपास. वैनगंगा दोनदा ओलांडायची.

चढ जवळपास नाहीच, धानाचा सपाट पट्टा आहे. मग अवघड काय? ऊन, ट्रक आणि वाघ. हसू नका.

पुण्या-मुंबईचे सायकलवाले सांगतात, पहाटे पाचला निघा. इथं ते चालत नाही भाऊ. मूल-सावली भागात वाघाच्या हल्ल्यात माणसं गेलीत, आणि पहाट नि संध्याकाळ ही त्याची फिरायची वेळ. म्हणून मी साडेसातला निघतो, चारपर्यंत घरी. गडचिरोलीतच अकरा वाजून गेले, तर चामोर्शी विसरायची, आल्या रस्त्यानं परत.

जंगलात पंक्चर झालं तर तिथंच उकिडवं बसू नका. वाकलेला, बसलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो. सायकल ढकलत गाव गाठा, नाहीतर येणारी गाडी थांबवा. एकटं जाऊच नका.

चामोर्शीजवळ मार्कंड्याचं देऊळ आहे, वेळ उरला तरच. मी दोनदा सोडलंय, जीव तुटला, पण सोडलं.

सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. पावसाळ्यात गोसीखुर्दचं पाणी सोडलं की नदीकाठचे रस्ते बंद पडतात.

आणि सावलीला चहा घेताना टपरीवाल्याला विचारा, काल वाघ कुठं दिसला? त्याला माहीत असतं.