करवणारे आणि करणारे



आजचं बोलणं म्हैसूरहून. या शहराचं नाव काढलं की राजवाडा आठवतो, दसरा आठवतो, म्हैसूरपाक तर आठवतोच. आपण मात्र आज या शहराच्या एका वेगळ्या ओळखीकडे जाणार आहोत. विषय आहे पुरातत्त्वात राबणारी माणसं. त्यांच्या कामाचा दर्जा कोण ठरवतं, त्यांच्या वतीने कोण बोलतं आणि त्यांनी एकत्र का यायला हवं, हे बघू.

सुरुवात आपल्या मराठीपासूनच करू. म्हैसूरहून गाडीने दोनेक तासांवर श्रवणबेळगोळ आहे. तिथल्या बाहुबलीच्या पायाशी कोरलेला मराठी लेख शाळेच्या पुस्तकातून आपल्या ओळखीचा आहे. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांमध्ये त्याची गणना होते. एक ओळ सांगते की चामुंडरायाने मूर्ती करविली. दुसरी सांगते की गंगराजाने भोवतालचं बांधकाम करविलं. क्रियापद नीट ऐका. ‘केलं’ नाही, ‘करविलं’. म्हणजे करवणाऱ्याचं नाव दगडात राहिलं. डोंगरातून ती प्रचंड मूर्ती ज्यांनी छिन्नीने बाहेर काढली, त्यांची नावं त्या ओळींत नाहीत.

हजार वर्षांपूर्वी तशी रीत होती, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न आजचा आहे. आज आपण उत्खनन करतो, अहवाल छापतो, संग्रहालयात पाटी लावतो. त्यावर संस्थेचं नाव असतं, संचालकांचं असतं. करणाऱ्यांचं काय?

म्हैसूरकडे वळू. संस्थानाच्या काळात, 1885 च्या सुमारास, इथे पुरातत्त्व खात्याचं काम सुरू झालं. बी. एल. राइस हे त्याचे पहिले संचालक. त्यांनी ‘एपिग्राफिया कर्नाटिका’चे खंड काढले आणि संस्थानातले हजारो लेख त्यांत आले. पुढे 1966 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पुराभिलेख शाखा उटीहून इथे हलली. देशभरातल्या शिलालेखांचे कागदी ठसे आज इथे जपलेले आहेत.

ठसा कसा घेतात, ते थोडक्यात सांगायला हवं. दगड आधी स्वच्छ धुवायचा. त्यावर ओला कागद चढवायचा. ब्रशने ठोकून ठोकून तो प्रत्येक अक्षराच्या खाचेत बसवायचा. कागद जरासा सुकला की शाईचा बोळा हलक्या हाताने फिरवायचा. खाचा पांढऱ्या राहतात, बाकीचं काळं होतं. बोळा जोरात दाबला तर अक्षर बुजतं. कागदाला सुरकुती पडली तर अनुस्वार दिसेनासा होतो किंवा नसलेली मात्रा उमटते. मग पुढे विद्वान लोक त्या मात्रेवरून पंचवीस वर्षं वाद घालतात. उन्हात शिडीवर उभं राहून ज्याने बोळा फिरवला, त्याचा हात किती तयार होता यावर इतिहास अवलंबून असतो. दर्जा म्हणतात तो इथे सुरू होतो.

म्हैसूरचीच आणखी एक गोष्ट. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी 1905 मध्ये इथल्या प्राच्यविद्या ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांच्या हाती आली. 1909 मध्ये त्यांनी ग्रंथ छापला आणि जगभर नाव झालं, ते योग्यच झालं. पोथी कुणी आणून दिली? तंजावर जिल्ह्यातल्या एका पंडिताने. तो इतिहासात ‘एक पंडित’ एवढाच उरला.

आता उत्खननाच्या जागेवर जाऊ. आपल्याकडे जुन्या वस्तीच्या टेकाडाला गावकरी ‘पांढर’ म्हणतात. शतकानुशतकांच्या चुली, राख, पडलेल्या भिंती यांनी ती माती पांढुरकी झालेली असते. अशा पांढरीवर चर आखला जातो. वर छत्री आणि वही घेऊन पुरातत्त्वज्ञ. खाली कुदळ, खुरपं, ब्रश घेऊन गावातले स्त्री-पुरुष. घमेली वाहणाऱ्या बायका, चाळणीवर बसलेल्या बायका. शिवाय मोजमाप घेणारा, चित्रं काढणारा, छायाचित्रकार, खापरं धुऊन त्यांवर क्रमांक घालणारा, रात्री राखण करणारा. सहा महिन्यांच्या करारावर आलेले एम.ए. झालेले मुलगे-मुली. ही सगळी पुरातत्त्वातलीच माणसं. हजेरीपटावर मात्र त्यातले बरेच जण नुसते ‘मजूर’.

मातीच्या घराची जमीन आणि तिच्यावर साचलेली माती यांत रंगाचा फरक फार थोडा असतो. तो आधी हाताला कळतो. खुरपं जरा वेगळं वाजतं, ढेकूळ वेगळं फुटतं. दोन-तीन हंगाम काम केलेला माणूस तिथे थांबतो आणि वर हाक मारतो. नवखा माणूस पुढचा घाव घालतो आणि साडेतीन हजार वर्षांची सारवलेली जमीन घमेल्यातून ढिगाऱ्यावर जाते. ती परत आणता येत नाही. उत्खनन म्हणजे असं पुस्तक, की वाचलेलं पान फाटतच जातं. म्हणून वाचणारा तयारीचा हवा.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात हंगामामागून हंगाम काम केलं. शंभराहून जास्त घरं उजेडात आली. त्या काळचा शेतकरी काय खात होता, घरात मृताला कसं पुरत होता, हे आपल्याला कळलं. एवढं बारीक काम हंगामागणिक नवे हात घेऊन होत नसतं. काम चालू राहिलं की हात तयार होतात. हात टिकले की कामाचा दर्जा टिकतो.

आपली व्यवस्था काय करते? किमान वेतनाच्या कायद्यात अकुशल, अर्धकुशल, कुशल असे वर्ग आहेत. गवंडी कुशल, सुतार कुशल. चरात थर ओळखणारा माणूस कोणत्या वर्गात? बहुतेक वेळा अकुशल. मग पुढच्या वर्षी त्याला ऊसतोडीला किंवा बांधकामावर दोन पैसे जास्त मिळाले की तो तिकडे जातो. त्याच्यासोबत तीन हंगामांचं शिक्षणही जातं.

कुणी म्हणेल, विद्वत्ता नसलेल्या माणसाचं पुरातत्त्वात असं काय योगदान? त्यांनी दायमाबाद आठवावं. 1974 मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या, आताच्या अहिल्यानगरमधल्या, या गावी छबू लक्ष्मण भिल यांना झाडाचं मूळ खणताना चार मोठी ब्राँझची शिल्पं सापडली. बैलजोडी जुंपलेला रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. सगळ्यांचं मिळून वजन 60 किलोंच्या वर. भारताच्या प्राचीन धातुकलेच्या प्रत्येक पुस्तकात ती आहेत. त्यांचं नाव नोंदलं गेलं, म्हणून आज मला ते सांगता येतंय. नाव नोंदवण्याने शास्त्राचं काही बिघडलं नाही. उलट, वस्तू कुठे, कशी, कुणाला मिळाली हे पक्कं झालं. कामगाराचं नाव हा शास्त्रीय नोंदीचाच भाग आहे.

दर्जाची दुसरी बाजू अहवालाची. राजस्थानातल्या कालीबंगनचं उत्खनन 1960 ते 1969 असं चाललं. अहवालाचा पहिला खंड आला 2003 मध्ये, दुसरा 2015 मध्ये. उत्खनन चालवणाऱ्यांपैकी बी. के. थापर 1995 मध्येच गेले होते. खणून ठेवायचं आणि लिहायचं नाही, याला जबाबदार कोण? एकटा अधिकारी नव्हे. त्याची बदली होते, चित्रं काढणाऱ्याची जागा भरली जात नाही, करारावरची मुलं निघून जातात. इनामगावचा मोठा अहवाल 1988 मध्ये, म्हणजे काम संपल्यावर पाच वर्षांत आला. माणसं एका जागी राहिली तर हे होतं.

आता कायद्याकडे. या कर्नाटकातूनच गेलेला एक खटला देशातल्या प्रत्येक रोजंदारी कामगाराला लागू झाला. उमादेवी खटला. व्यापारी कर खात्यात रोजंदारीवर काम करणाऱ्यांचं हे प्रकरण होतं. एप्रिल 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की केवळ बरीच वर्षं काम केलं म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. मंजूर जागेवर दहा वर्षं काढलेल्यांचा एकदा विचार करावा, एवढी वाट ठेवली. नंतर 2016 मध्ये जगजीतसिंग खटल्यात तात्पुरत्या कामगारालाही समान कामासाठी समान वेतनाचं तत्त्व मान्य झालं. डिसेंबर 2024 मध्ये जग्गो खटल्यात न्यायालयाने बजावलं, की उमादेवीच्या निकालाची ढाल करून वर्षानुवर्षं राबवून घेतलेल्यांना नाकारता येणार नाही. हे लढे सफाई करणाऱ्यांनी, बागकाम करणाऱ्यांनी दिले. त्यांचा फायदा घ्यायला आपल्याकडे कागद हवा. मस्टरवर नाव नसेल तर कोर्टात काय दाखवणार?

मग संघटना नाहीत का? आहेत. इंडियन आर्किऑलॉजिकल सोसायटी 1967 पासून आहे, एपिग्राफिकल सोसायटी ऑफ इंडिया 1974 पासून आहे. त्यांची अधिवेशनं भरतात, निबंध वाचले जातात. मोलाचं काम आहे. पण या अभ्यासकांच्या संस्था. दुसरीकडे सरकारी कर्मचाऱ्यांच्या युनियन. त्या पगार आणि बढती बघतात. चराची नोंद कशी ठेवावी, हा त्यांचा विषय नाही. एकीकडे दर्जा, दुसरीकडे भाकरी, आणि मध्ये दरी. हंगामी मजूर आणि करारावरचे पदवीधर त्या दरीत उभे आहेत.

इंग्लंडमध्ये 1982 मध्ये क्षेत्रीय पुरातत्त्वज्ञांची संस्था स्थापन झाली. तिने आचारसंहिता केली, कामाचे निकष लिहिले, सभासदांच्या पायऱ्या ठरवल्या, किमान पगाराच्या शिफारशी केल्या. 2014 मध्ये तिला राजसनद मिळाली. पगाराची घासाघीस मात्र तिथेही कामगार संघटनाच करते. हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. निकष लिहिणारी संस्था आणि मालकाशी बोलणारी संघटना ही दोन वेगळी कामं आहेत, पण दोघींनी एकमेकींशी बोलत राहिलं पाहिजे. आपल्याकडे वास्तुरचनाकारांसाठी 1972 चा कायदा आहे, परिषद आहे. पुरातत्त्वज्ञ म्हणजे कोण, हे ठरवणारी अशी परिषद नाही.

यावर नेहमीचं उत्तर येतं, पैसे कुठे आहेत? पैशांची तंगी खरी आहे. 2022 च्या अखेरीस संसदीय समितीच्या अहवालात आलं, की केंद्राच्या 3,693 संरक्षित स्मारकांपैकी फक्त 248 ठिकाणी सुरक्षारक्षक होते. त्याच अहवालात 50 स्मारकं नाहीशी झाली आहेत, असंही आलं. म्हणजे माणूस न ठेवण्याची किंमत आपण मोजतोच आहोत. पगारात वाचवलेलं स्मारकात गमावतो.

दुसरी अडचण खरी आहे. पुरातत्त्वाचं काम विखुरलेलं. आज इथे दहा माणसं, पुढच्या वर्षी दुसऱ्या जिल्ह्यात वीस. युनियनच्या नोंदणीचा अर्ज सात जण करू शकतात, पण त्या आस्थापनेतले 10 टक्के किंवा 100, यांत जे कमी असेल तितके कामगार सभासद असावे लागतात. आणि हंगाम संपला की आस्थापनाच उठते! म्हणून एकेका जागेपुरता विचार न करता राज्यपातळीवर, मजुरापासून लिपीतज्ज्ञापर्यंत सगळ्यांना घेणारी संघटना हवी.

तिने काय करावं? माझ्या मते पाच गोष्टी. एक, प्रत्येक चराच्या वहीत रोज काम करणाऱ्यांची पूर्ण नावं, आणि छापील अहवालात त्यांची यादी. दोन, प्रत्येक हंगामानंतर सही-शिक्क्याचं अनुभवपत्र: काय काम केलं, किती दिवस. तीन, दोन हंगामांनंतर कुशल कामगाराचा दर. चार, खोल चराच्या कडा ढासळू नयेत म्हणून आधार, सावली, पाणी, बायकांसाठी आडोसा आणि अपघाताचा विमा, आणि हा खर्च उत्खननाच्या अंदाजपत्रकातच. पाच, उत्खननाचे परवाने आणि धोरणं यांवर सल्ला देणाऱ्या समित्यांत काम करणाऱ्यांचे प्रतिनिधी.

यातल्या पहिल्या दोन गोष्टींना ना कायदा लागतो ना अनुदान. वही आहे, पेन आहे, शिक्का आहे. उत्खनन चालवणाऱ्या कोणत्याही विद्यापीठाला या हिवाळ्यातच सुरू करता येतील. आणि अशा पाच-सात वह्या जमल्या, की संघटनेची सभासद-यादी आयतीच तयार होते.

ऐकणाऱ्यांत विद्यार्थी असतील. करारावर सही करण्याआधी तो वाचा, त्याची प्रत मागून घ्या. काम संपल्यावर पत्र घ्या, आणि आपल्या चरातल्या मजुरालाही मिळवून द्या. कुणी गावकरी ऐकत असतील. तुमच्या पांढरीवर काम निघालं तर ‘आमची नावं कुठे लिहिणार?’ एवढा प्रश्न पहिल्या दिवशी विचारा. विचारायला लाज कसली? माती तुमच्या गावची, हात तुमचे.

तुमच्या ओळखीत असं काम केलेलं कुणी असेल, तर त्यांना हे ऐकवा आणि त्यांचं म्हणणं ऐका.