जड पाणी, हलका हात : सेफ्टी रेझरने दाढी करण्याची रीत

वाशीम जिल्ह्याचा बहुतेक भूभाग दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकावर पसरलेला असून, या खडकाच्या भेगांतून झिरपून विहिरींत आणि बोअरमध्ये साठणाऱ्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार बरेचदा मोठ्या प्रमाणात विरघळलेले असतात. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून शास्त्रीय परिभाषेत त्याला दुष्फेन आणि रोजच्या बोलण्यात जड पाणी म्हणतात. दाढीनंतर गालाची आग होणे, गळ्यावर पुरळ उठणे किंवा नवे ब्लेड दोन दिवसांत बोथट वाटणे, या तक्रारींचे खापर सहसा ब्लेडच्या कंपनीवर फोडले जाते. वस्तुतः त्यांतला मोठा वाटा या पाण्याचा आणि त्याहून मोठा वाटा हाताच्या दाबाचा असतो.

दाढीचा साबण किंवा क्रीम म्हणजे मुख्यतः स्टिअरिक आम्ल आणि खोबरेल तेलासारख्या स्निग्ध पदार्थांतील आम्ले यांचे पोटॅशियम किंवा सोडियमशी झालेले संयुग होय. जड पाण्यातील कॅल्शियम या आम्लांशी जोडले गेले की पाण्यात न विरघळणारा पांढरा साका तयार होतो, साबणाचा तेवढा भाग वाया जातो आणि उरलेला फेस दाढी संपण्यापूर्वीच गालावर वाळतो. पाणी उकळल्याने या जडपणाचा एक भाग, म्हणजे बायकार्बोनेट क्षारांमुळे येणारा तात्पुरता जडपणा, भांड्याच्या तळाशी पांढऱ्या थराच्या रूपाने बसतो. म्हणून पाणी उकळून, कोमट होईपर्यंत स्थिर ठेवून वरचे निवळ पाणी घ्यावे. क्लोराइड व सल्फेट क्षारांचा कायमचा जडपणा उकळून जात नाही, तेथे पावसाचे साठवलेले किंवा आरओ यंत्राचे पाणी वापरावे. फेसासाठी ते वाटीभर पुरते. उरलेले धुणे साध्या पाण्याने झाले तरी चालते, आणि उन्हाळ्यात नळाची पाळी लांबलेल्या गावांत ही काटकसर आवश्यकच असते.

केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. तो पाणी शोषून फुगतो आणि मऊ होतो, व दोन-तीन मिनिटे चांगला भिजलेला केस कापण्यास कोरड्या केसाच्या मानाने बरेच कमी बळ लागते. बलुतेदारीच्या काळातील गावचा न्हावी वस्तरा उघडण्यापूर्वी बराच वेळ नुसत्या पाण्याने दाढी चोळत असे, त्यामागे हेच कारण होते. पुढे घरोघरी रेझर आला, कौशल्य न्हाव्याच्या हातातून ज्याच्या-त्याच्या हाती गेले, आणि नेमकी ही चोळणी मागे पडली. आंघोळीनंतर लगेच दाढी केल्यास केस आपोआप भिजलेले मिळतात. ब्रश कोमट पाण्यात भिजवून, झटकून साबणावर फिरवावा आणि पाणी थेंबाथेंबाने वाढवत फेस दाट, ओलसर व चकाकणारा होईपर्यंत घोटावा. मोठे बुडबुडे दिसणारा फेस पातळ समजावा.

सेफ्टी रेझर म्हणजे धारेचा अगदी थोडा भाग उघडा ठेवून तिच्यापुढे आडवी दांडी किंवा दाते असलेले हत्यार. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन गृहस्थाला पातळ, बदलता येणाऱ्या पात्याच्या रेझरचे पेटंट १९०४ मध्ये मिळाले. दांडी कातडीला जपते खरी, पण ती चुकीचा कोन सुधारत नाही. रेझरचा माथा गालाला टेकवून मूठ आडवी, म्हणजे गालाशी काटकोनात धरावी आणि पाते केसाला लागेपर्यंत ती हळूहळू खाली आणावी. तेथे पात्याचा गालाशी साधारण तीस अंशांचा कोन होतो. त्यानंतर हाताचे काम एवढेच की रेझरला दिशा द्यायची. कापण्यासाठी धातूच्या रेझरचे स्वतःचे वजन पुरेसे असते. हलक्या प्लास्टिकच्या रेझरने दाबण्याची सवय लागलेल्या माणसाला हे पहिल्या आठवड्यात अशक्य वाटते, आणि बहुतेक कापाकापी त्याच आठवड्यात होते.

केसांची दिशा सर्वत्र सारखी नसते. गालावर ते बहुधा खाली झुकलेले असतात, तर गळ्यावर अनेकांचे आडवे किंवा थेट वर वळलेले असतात. एक दिवसाच्या खुंटांवरून बोट फिरवल्यास ज्या बाजूने गुळगुळीत लागते ती सुलट दिशा. पहिला हात सुलट, दोन-तीन सेंटिमीटरच्या आखूड ओढींनी घ्यावा, पुन्हा फेस लावावा आणि दुसरा हात आडवा घ्यावा. उलट हाताने गाल अधिक गुळगुळीत होतो हे खरे. मात्र कुरळ्या केसांच्या माणसाने, विशेषतः गळ्यावर, तो टाळलेलाच बरा, कारण कातडीच्या आत तुटलेला केस वळून मांसातच शिरतो आणि त्याची पुळी होते. दाढी केल्याने केस दाट येतात, हा समज मात्र शरीरशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच प्रत्यक्ष मोजमापांनी खोडून काढला आहे.

पाते बोथट का होते, याचे उत्तर २०२० मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी दाखवले: पोलादापेक्षा कितीतरी मऊ असलेला केस वाकून धारेला तिरपा भिडला की धारेचा सूक्ष्म कपचा उडवतो. यावरूनही केस मऊ करून घेण्याचे महत्त्व कळते. केस ओढला जाऊ लागला की, मग ती तिसरी दाढी असो वा सहावी, पाते बदलावे. ते टॉवेलने पुसू नये, धुऊन झटकावे. बापलेकांनी एकच पाते वापरणे धोक्याचे आहे, कारण हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस टिकू शकतो. सलूनमध्येही नवे पाते डोळ्यांदेखत बसवून घ्यावे.

शेवटी गार पाण्याने चेहरा धुऊन ओली तुरटी फिरवावी. ती कातडी आकसवते व बारीक काप थांबवते. वैशाखात उन्हात शेतावर जाणाऱ्याने दाढी रात्री करणे सोयीचे, कारण ताज्या कातडीवर घामातील मीठ झोंबते. वापरलेली पाती कचऱ्यात टाकल्यास सफाई कामगाराचे हात आणि उकिरड्यावर चरणाऱ्या जनावरांची तोंडे कापतात, म्हणून झाकणाला फट पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात ती साठवावीत आणि डबा भरल्यावर फट बंद करून तो भंगारवाल्याला सांगून द्यावा.